वडील शेतकरी, आयटीआर (आयकर विवरणपत्र) नाही. जर्मनीत बहिणीकडे महिनाभर न्यायचं आहे, शेंगेन व्हिसा मिळेल का?

मिळतो. माझ्या आईबाबांना मिळाला, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेचं मला अजून सलतं.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. नऊ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. ताई-भाऊजी जर्मनीत. पहिल्या वेळी भाऊजी आणि नागपूरचा एक एजंट, दोघांनी मिळून ठरवलं की अर्जात शेती दाखवायचीच नाही. "सातबारा कोन पाह्यते तिथं?" हे भाऊजींचे शब्द. व्यवसाय 'निवृत्त' लिहिला. बाबांच्या खात्यात मामाकडून आणलेले चार लाख आठवडाभर आधी टाकले. बाबा तेव्हाच म्हणाले, "मी कोनाच्या नोकरीतून निवृत्त झालो?" रातभर विदर्भ एक्सप्रेसनं जाऊन मुंबईत बोटांचे ठसे दिले आणि नकार आला. कारण काय, तर मुदतीत परत जाण्याचा इरादा पटला नाही. माणशी ९० युरो फी गेली, ती परत मिळत नाही. पण ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक पेरणी चुकवली नाही, तो परत येणार नाही म्हणे! आणि चूक वकिलातीची नव्हती, आम्हीच वावर लपवलं होतं.

दुसऱ्या वेळी कागद मी लावले. सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, कापूस विकल्याच्या पावत्या आणि त्याच रकमा दिसतील असं वर्षभराचं बँक स्टेटमेंट. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर केलं. शेतीच्या उत्पन्नाला (तेव्हाच्या १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) खाली) आयकर नाही म्हणून आयटीआर नाही, हे पत्रात एका ओळीत लिहिलं. पुढे लिहिलं की ७ जूनला मृग लागतो, पेरणीआधी घरी असणं भाग आहे. परतीचं बुकिंग १ जूनचं. व्हिसा पंधरा दिवसांत आला.

भाऊजी अजून म्हणतात, ताईनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून खर्चाचं हमीपत्र काढलं म्हणून काम झालं. ते हमीपत्र पहिल्या अर्जातही होतं! नवा होता तो सातबारा. तेव्हा तुमच्याकडे कोणी म्हणालं की शेतकऱ्यानं शेती दाखवू नये, तर ऐकू नका. उसने पैसे खात्यात फिरवू नका.

बाकी यादी तुम्हाला मिळेलच. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, मेमध्ये जायचं तर जानेवारीतच लागा. हे सगळं जर्मनीचं सांगतोय, दुसऱ्या देशाची यादी वेगळी असू शकते. आणि कागद चोख असले तरी व्हिसाची हमी कोणीच देत नाही.

एक राहिलं. आमच्या सातबाऱ्यावर बाबांचं घरचं नाव होतं आणि पासपोर्टवर शाळेतलं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं. तुमचं आजच तपासा.