बॅटरी घेऊ की गाडीवरच भागेल?

तुम्ही विचारलंय की छतावर 3 किलोवॉटचं सोलर आहे, टाटाच्या नव्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीतून 3.3 केव्हीएपर्यंत वीज बाहेर काढता येते, मग घरासाठी वेगळी बॅटरी कशाला? माझं मत: बॅटरी घ्या, पण लहान घ्या.

आमचं घर दापोली तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, पोल आडवे झाले आणि आमच्या वाडीत तीन आठवड्यांहून जास्त लाईट नव्हती. छतावरचं 2 किलोवॉटचं सोलर शाबूत होतं. चार दिवसांनी लख्ख ऊन पडलं, तरी त्यावर एक दिवा लागेना. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद पडतो, हे बसवणाऱ्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं. तो बंद पडतो ते योग्यच आहे, नाहीतर आपली वीज तारेत उलटी जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. पण हे आधी माहीत असायला हवं होतं. तुमच्या इन्व्हर्टरला बॅटरीची जोडणी आणि बॅकअपचं वेगळं आउटपुट आहे का ते आधी बघा. नसेल तर हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, म्हणजे सोलर, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा. सूर्यघर योजनेचं 78 हजारांचं अनुदान पॅनलवर मिळतं, बॅटरीचा खर्च आपलाच धरा.

आता गाडी. जपानमध्ये 2011 च्या भूकंपानंतर निसानने 2012 मध्ये लीफ गाडीवरून अख्खं घर चालवायची यंत्रणा आणली. त्यात गाडी आणि घर यांच्या मध्ये एक स्वतंत्र यंत्र बसतं. आपल्याकडच्या गाड्यांत मिळतो तो फक्त एक सॉकेट. त्यावर उपकरणं चालतात, घराचं वायरिंग त्याला थेट जोडायचं नसतं.

गाडीत वीज भरपूर असते. 45 युनिटची बॅटरी म्हणजे काटकसरीच्या घराला आठवडाभर सहज. अडचण दुसरीच आहे. सॉकेट चालू असेपर्यंत गाडी बंद न होता जागी राहते आणि तिची स्वतःची यंत्रणाही वीज खात राहते. दोन पंखे आणि राउटरसाठी ती रात्रभर जागी ठेवणं म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी रहाट रात्रभर फिरवत बसणं. शिवाय अडॅप्टर चार्जिंगच्याच तोंडात बसतो, त्यामुळे घराला वीज देताना गाडी चार्ज होत नाही. आणि कोणाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडीबरोबर घरातली लाईटही जाते.

म्हणून विहिरीवरून हंडा भरावा तशी मी गाडी वापरतो. घरात 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे साधारण 5 युनिट. चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास, फ्रिज, दिवे आणि राउटर मिळून आमचे साडेतीन युनिट लागतात. ऊन असेल तर पॅनलच ती भरतात. जूनच्या झडीत भरत नाहीत, तेव्हा संध्याकाळी दोन तास गाडी हायब्रिडच्या जनरेटर इनपुटला, म्हणजे जनरेटर जोडायच्या जागी लावतो. अडीच किलोवॉटने बॅटरी भरते, मग गाडी बंद. हे इनपुट सगळ्या मॉडेलांत नसतं, घेताना विचारा. गाडीची वीज अशी वापरल्याने वॉरंटीला बाधा येते का, हेही लेखी घ्या.

आमचा विहिरीवरचा 1 एचपीचा पंप मात्र गाडीवर सुरूच होईना. चालताना तो किलोवॉटभरच घेतो, पण सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते आणि गाडी सॉकेटची वीज बंद करते. शेवटी अर्ध्या एचपीचा पंप घेतला, तो चालतो. इंडक्शन आणि गीझर विसरा, गॅस आहेच.

एका गोष्टीत अजिबात तडजोड नको. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून गाडीची वीज घरातल्या सॉकेटमध्ये सोडायची, हा उद्योग लोक खरंच करतात. कृपा करून करू नका. मेन स्विच बंद करायला एकदा विसरलात तर बाहेर माणूस मरेल. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर (घराला एका वेळी लाईन किंवा बॅकअप यांपैकी एकच जोडणारा स्विच) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरसाठी फेज वेगळी ओढलेली असते आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच असतो, म्हणून नुसती फेज तोडून भागत नाही. अर्थिंगही तेव्हाच तपासून घ्या.

बजेट कमी असेल तर आधी पंखे बदला. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी 30-35. तेवढ्याने तीच बॅटरी पंख्यांपुरती दुप्पट पुरते.

वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच गाडी 100 टक्के भरून ठेवा आणि इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा राखीव साठा वाढवा. आणि गाडी माडाखाली लावू नका. निसर्गमध्ये आमच्या आवारातले सात माड पडले, त्यातला एक नेमका गाडी लावायच्या जागेवर.