जर्मनीतल्या बाम्बर्गची धुरकट बिअर खरंच चांगली लागते का, आणि न्युरेनबर्गहून एका दिवसात होईल का?

चांगली लागते. फक्त पहिल्या घोटावर मत बनवू नका.

मी एर्लांगेनला नोकरीला होतो तेव्हा आमचे साडू आले होते, त्यांना मुद्दाम बाम्बर्गला श्लेंकेर्ला या बिअर बनवणाऱ्या पबमध्ये नेलं. लाकडी पिंपातून थेट ग्लासात ओतलेली मेर्त्सेन नावाची काळसर धुरकट बिअर, अर्धा लिटर. साडूंनी एक घोट घेतला, ग्लास सरकवला आणि म्हणाले, दूध धुरकटलं तर आपण ओतून देतो, हे लोक त्याचे पैसे घेतात! तेव्हापासून कुठलंही लग्न असो, बारसं असो, हीच गोष्ट चारचौघांत सांगतात आणि सगळे हसतात.

अहो पण दूध धुरकटतं ते कुणाचं लक्ष नसतं म्हणून. इथे धूर मुद्दाम घेतलेला असतो, तोही बिअरमध्ये नाही, माल्टमध्ये. मोड आणलेलं जव बीचच्या लाकडाच्या आगीवर वाळवतात तेव्हा धूर दाण्यातच मुरतो. पूर्वी लाकडाच्या उघड्या आगीवर माल्ट वाळवायचे तिथे हा वास यायचाच, मग बिनधुराच्या भट्ट्या निघाल्या आणि बहुतेकांनी धूर सोडला. श्लेंकेर्ला आणि गावातलीच 1536 पासूनची दुसरी ब्रुअरी श्पेत्सिआल, या दोघांनी नाही सोडला, आजही आपला माल्ट स्वतःच धुरावर वाळवतात. याला निष्काळजीपणा म्हणायचं?

मी त्या दिवशी थांबलो. पहिल्या ग्लासात नुसता धूर, शेकोटीजवळ बसून आल्यावर स्वेटरला येतो तसा. दुसरा अर्धा झाला आणि जीभ सरावली, मग खालची माल्टची गोडी कळायला लागली आणि शेवटी हलका कडवटपणा. साडूंचा उरलेला ग्लासही मीच संपवला. ज्याने एकच घोट घेतलाय त्याला या बिअरबद्दल बोलायचा हक्क नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

एका दिवसात आरामात होतं, ट्रेनने साधारण पाऊण-एक तास. मेर्त्सेन 5.1 टक्क्यांची आहे, त्यामुळे गाडी नेऊ नका.

हां, शाकाहारी असाल तर एक सांगायचं राहिलं, मांस काही नसतं त्यात, पण वास धुरावर धरलेल्या डुकराच्या मांसासारखा येतो, काहींना तो सहन होत नाही. त्यांनी आधी श्पेत्सिआलला जावं, तिथला धूर सौम्य असतो आणि स्टेशनवरून जुन्या गावात जाताना ती वाटेतच लागते. साडूंना आधी तिथे न्यायला हवं होतं असं बायको म्हणते. मला नाही पटत, दुसरा ग्लास त्यांनी तिथेही घेतला नसता.