वाचकांचे प्रश्न : मोठ्या बोअरची लिव्हर-ॲक्शन रायफल पारखताना

प्रश्न : नोकरीनिमित्त मी अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. माझे एक सहकारी आपली मार्लिन १८९५ ही लिव्हर-ॲक्शन रायफल (घोड्याखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची, .४५-७० काडतुसाची) मला विकू इच्छितात. रेंजवर उघड्या साइटने (दुर्बिणीविना) १०० यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. त्या चार इंचांत विखुरल्या आणि खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत होता. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ही रायफल घ्यावी का? मी एच-१बी व्हिसावर आहे.
– एक वाचक, मोंटाना

उत्तर : तीन गोळ्यांवरून कोणत्याही रायफलीची परीक्षा होत नाही. शिवाय आपण कोणती काडतुसे वापरली हे कळवलेले नाही, आणि .४५-७० च्या बाबतीत निम्मा निकाल तिथेच लागतो.

हे काडतूस १८७३ साली अमेरिकी लष्कराच्या एकबारी स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी आले. त्यात ४०५ ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम वजनाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू असे. वेग सेकंदाला सुमारे १३३० फूट. त्या जुन्या रायफली आजही लोकांकडे असल्यामुळे या काडतुसाच्या दाबाची प्रमाणित मर्यादा मुद्दाम कमी, २८,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), ठेवलेली आहे. १९७२ पासून बनू लागलेली नवी मार्लिन १८९५ याहून अधिक दाब सोसते, म्हणून काही उत्पादक तिच्यासाठी खास जोरकस काडतुसेही विकतात. मात्र १८९५ ते १९१७ या काळातील मूळ मार्लिनमध्ये ती घालू नयेत. तेव्हा सहकाऱ्यांची रायफल नेमकी कोणत्या काळातली, हे पैसे देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या गनस्मिथकडून तपासून घ्यावे.

खांदा दुखण्याचे कारणही बहुधा काडतुसातच असावे. सव्वातीन किलोच्या आसपासच्या रायफलीत ४०५ ग्रेनच्या सौम्य काडतुसाचा धक्का हिशेबाने २१ फूट-पाउंडांच्या जवळपास, म्हणजे शिकारीच्या नेहमीच्या .३०-०६ काडतुसाइतकाच येतो. ३२५ ग्रेनची गोळी सेकंदाला २०५० फुटांनी फेकणारे काडतूस घेतले, तर तोच आकडा ३५ च्या पुढे जातो. त्यातही बाकावर वाकून बसले की शरीराला मागे सरकायला जागा उरत नाही आणि सारा धक्का खांद्याच्या हाडावर येतो. म्हणून पुढच्या वेळी सौम्य काडतुसांनी आणि ५० यार्डांपासून सुरुवात करावी. वाळूची पिशवी नळीखाली न ठेवता पुढच्या लाकडाखाली ठेवावी, कारण नळी टेकली की गोळीची जागा बदलते. दर तीन गोळ्यांनंतर नळी निवू द्यावी आणि दोन निरनिराळ्या काडतुसांचे प्रत्येकी निदान तीन-तीन ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या तीन-तीन गोळ्यांचे झुबके) घेऊन मगच मत बनवावे. उघड्या साइटने १०० यार्डांवर चार इंच हा काही वाईट निकाल नव्हे. एल्कच्या छातीतील मर्मस्थान साधारण फूटभर असते.

लिव्हर-ॲक्शन ही हाताळून पारखायची वस्तू आहे, असे माझे मत आहे. लक्ष्यावरील छिद्रे मोजण्यात दिवस घालवण्यापेक्षा डमी (दारू नसलेली) काडतुसे घेऊन उभ्याने लिव्हर पूर्ण खाली आणि पूर्ण वर अशी न कचरता चालवून पाहावी. अर्ध्यावरून परतवलेली लिव्हर काडतूस अडकवते, तो दोष रायफलीचा नसतो. पूर्ण फेरीतही काडतूस अडकले, तर मात्र सौदा मोडावा. काडतुसे भरण्याच्या झडपेची कड अंगठ्याला कापते का, घोडा अर्ध्या खाचेत (अर्धवट ताणलेल्या सुरक्षित स्थितीत) पक्का बसतो का, पुढची साइट नळीवर सरळ उभी आहे की एका बाजूला कललेली, हेही पाहावे.

यातील मॅगझिन (काडतुसे साठवण्याची जागा) नळीसारखे असते आणि एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेट घेणाऱ्या टोपीला) टेकलेले असते. त्यामुळे कठीण, टोकदार गोळ्या त्यात कधीही भरू नयेत. धक्क्याने काडतूस मॅगझिनमध्येच उडू शकते. गोळी चपट्या टोकाची किंवा हॉर्नडीच्या लिव्हरएव्होल्युशनसारखी मऊ पॉलिमर टोकाचीच हवी. या लिव्हरएव्होल्युशनची ३२५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर तीन इंच वर लागेल असा नेम बांधला, तर २०० यार्डांवर ती सुमारे चार इंच खाली आणि ३०० यार्डांवर दोन फुटांहूनही अधिक खाली जाते. मोंटानाच्या उघड्या माळावर दुरून एल्क टिपायचा असेल, तर ही रायफल त्या कामाची नाही. दाट झाडीत, दीडशे यार्डांच्या आत, हिच्याइतकी हाताशी येणारी दुसरी क्वचितच सापडेल.

राहिला व्हिसाचा मुद्दा, आणि खरे तर तो सर्वांत आधी सोडवायला हवा. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. वैध शिकार-परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. तेव्हा आधी तो परवाना काढावा, या विषयातील वकिलाचा सल्ला घ्यावा आणि त्यानंतरच रायफलीला पुन्हा हात लावावा.