बँजो मुळात अमेरिकेतलाच का?
नाही, बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. तिथून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत सुक्या भोपळ्यावर कातडं ताणून, दांडी बसवून तो घडवला. सेनेगल-गांबियातलं आकोंटिंग आजही तसंच दिसतं, अंगठ्याने छेडायच्या आखूड तारेसकट. बँजो आफ्रिकेतून आल्याचं पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसननेही १७८०च्या दशकात लिहून ठेवलंय. पुढे गोऱ्या वादकांनी ते उचललं, आणि आता ब्लूग्रास (अमेरिकेतली एक लोकसंगीताची शैली) म्हटलं की गोरा वादकच डोळ्यांसमोर येतो. हे जरा बोचतंच. मात्र धातूचं कडं आणि दांडीवरचे पडदे ही भर १९व्या शतकातली, अमेरिकेतलीच. (आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो वेगळा, तो बुलबुलतरंग.)