टोपी, गॉगल आणि ‘सध्या काय चाललंय?’

ताई, माझा नवरा तीन वर्षं एका मराठी मालिकेत खलनायक होता. मालिका संपून दीड वर्ष झालं. मुंबईचं भाड्याचं घर सोडून आम्ही नाशिकला सासरी आलो. तो टोपी-गॉगल घातल्याशिवाय बाहेर पडत नाही. कुणी ओळखलं तर वैतागतो, नाही ओळखलं तर दिवसभर गप्प. परवा मिसळ खाताना शेजारच्या टेबलावरच्या बाई मालिकेतल्या नावाने हाक मारून म्हणाल्या, ‘किती छळलंत हो त्या पोरीला!’ तो तसाच उठला. एका कॉलेजने नाट्यशिबिर घ्यायला बोलावलंय, तर म्हणतो, ‘लोक म्हणतील, संपला हा.’ घर माझ्या पगारावर चाललंय. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

अगं, त्या बाई रागावल्या नव्हत्या. तीन वर्षं रोज संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी तुझ्या नवऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्यात, त्यांच्या लेखी तो घरातलाच. टीव्ही नवा होता तेव्हाच, 1956 साली, हॉर्टन आणि व्होल या अमेरिकी अभ्यासकांनी या एकतर्फी ओळखीवर लिहून ठेवलंय. बघणाऱ्याला पडद्यावरचा माणूस जवळचा वाटतो, आणि त्या माणसाला बघणाऱ्याचा पत्ताही नसतो. त्यातून हाक पात्राच्या नावाने. तुझ्या नवऱ्याचं खरं नाव त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं असतं का, शंकाच आहे.

टोपी-गॉगलचं वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. मिसळीच्या टेबलावर गॉगल लावून बसलेल्या माणसाकडे आधी नजर जाते! ओळखू नये म्हणून घालतो की ओळखावं म्हणून, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

मालिकेत बारा-तेरा तासांची शिफ्ट, दिवस दुसऱ्याने आखलेला, हातात चहा आणून देणारी माणसं. पैसे दिवसाच्या हिशोबाने, तेही बहुतेकदा तीन महिन्यांनी. शेवटचा भाग झाला की हे सगळं एकदम बंद. बाहेर मात्र लोक त्याला अजून पैसेवाला समजतात. नातेवाईक उसने मागायला आले असतील, तू लिहिलं नाहीस तरी.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, 1913 साली, तारामती झालेले अण्णा साळुंके मूळचे मुंबईतल्या एका हॉटेलात कामाला होते. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच! एवढं नाव झालेल्या या माणसाने पुढे कॅमेरामन म्हणूनही काम केलं. नाशकात बसून फाळक्यांचं नाव तर तुझ्या नवऱ्याने शंभरदा ऐकलं असेल, साळुंक्यांचं ऐकलंय का विचार. उपदेशाच्या सुरात मात्र नको, आत्ता तो चिडेल.

आता तुझं. ‘विसर ते सगळं’ म्हणू नकोस, तीन वर्षांची मेहनत आहे ती. पण घरात त्याची प्रेक्षक होऊन बसू नकोस. त्याचा चेहरा पडला की तू दिवसभर सांभाळत बसतेस, हे ओळींमधून दिसतंय. खर्चाची वही एकदा दोघांनी समोर घेऊन बसा. तुझ्या एकटीच्या पगारावर किती महिने निघतील, हा आकडा त्यालाही माहीत हवा. सासूबाईंना यात ओढू नकोस, त्या लेकाचीच बाजू घेणार.

‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाचं एक साधं, खरं उत्तर ठरवून ठेवा. ‘ऑडिशन देतोय, नाशकात शिबिर घेतोय.’ एवढं म्हटलं की विचारणाराही पुढच्या विषयाला लागतो. बहुतेकांना त्याहून जास्त ऐकायचं नसतंच.

झोप उडाली असेल, पिणं वाढलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला, तर थांबू नकोस. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 वर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तू स्वतःसाठीही फोन करू शकतेस.

शिबिराला होकार कधीपर्यंत द्यायचाय ते पत्रात नाही. आधी कॉलेजला विचारून ती तारीख घे, आणि त्याला शिबिरातल्या मुलांना एकदा नुसतं भेटून यायला सांग. मानधनाचं बोलणं मात्र त्यालाच करू दे.