दार घासते आहे, तर स्प्रिंगांचा विचार नंतर करा

प्रश्न : माझ्याकडे २००० सालची मारुती झेन आहे. वडिलांनी हौसेने घेतलेली ही गाडी मी आजही दर आठवड्याला चिपळूणहून कराडला नेतो. हल्ली कुंभार्ली घाटातल्या वळणांवर ती सैल वाटते. पुढचा भाग वळतो आणि मागचा भाग क्षणभर उशिरा त्याच्यामागे येतो. एक चाक उंचवट्यावर ठेवून गाडी उभी केली, की चालकाचे दार नीट लागत नाही. गॅरेजमध्ये कडक आणि आखूड स्प्रिंगा, रुंद टायर व बॉनेटखाली दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी, म्हणजे स्ट्रट बार, असे सारे एकदम बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याने गाडी घट्ट होईल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य दाराविषयीचे आहे. चौकट आकार सोडत असल्यामुळे दार लागत नसेल, तर अशा गाडीला कडक स्प्रिंगा बसवणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले चढवणे होय. त्यामुळे तो सल्ला तूर्त बाजूला ठेवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

झेनला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. तळ, छत, खांब आणि दारांखालचे पोकळ उंबरे हे सारे पातळ पत्रे एकमेकांना डागून जी पेटी तयार होते, तीच तिची चासी. बुटांच्या खोक्याचे झाकण काढून तो दोन्ही हातांनी पिळून पाहा आणि मग झाकण चिकटवून पुन्हा पिळा. फरक लगेच हाताला कळतो. मागे मोठे दार असलेल्या हॅचबॅकमध्ये पेटीची एक बाजू मुळातच उघडी असते, म्हणून तिचा पीळ सहन करण्याचे बरेचसे काम उंबऱ्यांवर येते. उंबरा ही बंद नळी आहे, आणि बंद नळीचे बळ ती बंद असण्यातच असते. कागदाची नळी उभी चिरली, की कागद तेवढाच राहूनही ती सहज पिळते. उंबऱ्याची शिवण गंजाने उघडली, की नेमके हेच घडते.

आता कडक स्प्रिंगेचे पाहू. खड्ड्यात चाक आदळले, की स्प्रिंग दबते आणि धक्का गिळते. ती कडक केली, की धक्क्याचा मोठा भाग पेटीकडे जातो, आणि पेटी लवचीक असेल तर तीच स्प्रिंगेसारखी वागू लागते. फरक इतकाच, की या स्प्रिंगेला शॉक ॲब्सॉर्बर नसतो. पुढची चाके वळतात, पेटी पिळते आणि तो पीळ सुटेपर्यंत मागचा भाग वाट पाहतो. तुम्ही वर्णन केलेला उशीर यातून येऊ शकतो, पण तो झिजलेल्या बुशांमुळे, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळकांड्यांमुळेही येतो, म्हणून तपासणी क्रमाने करावी लागेल.

प्रथम दार अर्धे उघडून खालून दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. ते खालीवर हलत असेल, तर दोष बिजागरीचा आहे आणि काम अगदी थोडक्यात भागेल. बिजागरी घट्ट असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून डाव्या व उजव्या दोन्ही दारांच्या चौकटींचे कर्ण टेपने मोजा. मग इतर चाकांना दगड लावून, पुढचे एक चाक जमिनीपासून सुटेपर्यंत जॅकने उचला आणि तीच मापे पुन्हा घ्या. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कोणीही जाऊ नये. थोडाफार फरक प्रत्येक गाडीत पडतो. डाव्या व उजव्या बाजूंच्या फरकात मोठी तफावत आढळली, तर अधिक लवणाऱ्या बाजूचा उंबरा उघडून पाहण्याची वेळ आली आहे.

मी स्वतः हे अनुभवले आहे. माझ्या झेनला एका कार्यशाळेत खालून गंजरोधक काळा लेप मारताना उंबऱ्यातले पाणी निघून जाण्याची भोकेच बुजवली गेली. पुढे एका पावसाळ्यानंतर मी स्क्रूड्रायव्हरने तो लेप टोचला, तेव्हा टोक मुठीपर्यंत आत गेले आणि चहाच्या चोथ्यासारखा लालसर ओला गाळ हातावर पडला. बाहेरून लेप अगदी नव्यासारखा होता. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या गाडीची तपासणी नजरेने न करता टोचूनच करावी, असे तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे. उंबऱ्यांबरोबर पुढच्या स्ट्रटचे (स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबांचे) माथे, मागच्या स्प्रिंगांच्या बैठका आणि मागचा ॲक्सल धरणाऱ्या दांड्या जिथे तळाला जोडल्या आहेत त्या जागा पाहा. या शेवटच्या जागी गंज खोलवर असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नका.

गंजलेला भाग स्वच्छ धातू लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडून घ्यावा. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग देणाऱ्याकडे हे काम देऊ नका. वेल्डिंगच्या वेळी गाडीला सर्व बाजूंनी समतोल आधार असावा आणि दारे चौकटीत बरोबर बसतात याची खात्री आधीच करून घ्यावी; एका कोपऱ्यावर उचललेल्या अवस्थेत डाग मारले, तर वाकडेपणा कायमचा पक्का होतो. बॅटरी सोडणे आणि पेट्रोलच्या नळ्या उष्णतेपासून दूर करणे हे वेगळे सांगायला नकोच.

यानंतर सस्पेन्शन. झेनच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहेत. मागे सलग ॲक्सल असून त्याला दोन लांब दांड्या पुढे-मागे सरकू देत नाहीत आणि एक आडवी दांडी डावीकडे-उजवीकडे सरकू देत नाही. या आडव्या दांडीचे बुश झिजले, की वळणावरच्या खड्ड्यात मागचा भाग बाजूला सरकतो, आणि चालकाला वाटते की गाडीच पिळली. म्हणून सारे रबरी बुश, स्ट्रटची वरची माउंटिंगे व बॉल जॉइंट आधी नवे घ्या. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचा भार चाकांवरच हवा, कारण चाके लोंबत असताना आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मागच्या दांड्यांना पॉलियुरेथेनचे कडक बुश टाळा. वळणावर गाडी कलताना ॲक्सलला तिथे थोडी मोकळीक लागतेच. शॉक ॲब्सॉर्बर जोडीने बदला आणि मूळ प्रमाणातल्या नव्या स्प्रिंगा घाला. झेनचे उत्पादन २००६ साली थांबले असले तरी हे भाग थोड्या शोधाने मिळतात.

टायर रुंद करायचेच असतील, तर मूळ १४५/७० आर १३ ऐवजी १५५/६५ आर १३ घ्या. त्याचा व्यास मूळ टायरपेक्षा जेमतेम दीड मिलिमीटरने कमी आहे, त्यामुळे वेगमापक जवळपास खरेच बोलेल. स्ट्रट बार शेवटी लावा. तो स्ट्रटच्या दोन माथ्यांमधले अंतर स्थिर ठेवतो, दारांच्या मधल्या भागातला पीळ मात्र त्याच्या आवाक्यात नाही. गाडी फार खाली बसवू नका. गतिरोधकांवर तळ घासण्याचा त्रास आहेच, शिवाय नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि पंधरा वर्षे झालेल्या तुमच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहायचे आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या मारुती ८०० ची मागची बाजू बसली आहे. स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर घालावा का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : घालू नये. बफर घट्ट बसला, की तो वेढा काम करेनासा होतो. सहा वेढ्यांपैकी एक अडकला, तर उरलेल्या पाचांवरच सगळे दबणे येते आणि स्प्रिंग सुमारे वीस टक्के कडक होते. गाडी उंच दिसते, पण थकलेला पोलाद तसाच राहतो आणि रबराखाली पाणी साचून नेमक्या त्याच जागी गंज धरतो. नव्या स्प्रिंगांची जोडी घ्या, आणि जुन्या उतरवल्यावर त्यांच्या बैठकांचा पत्रा टोचून पाहा. त्या वेळी तिथे हात पोचतो, एरवी पोचत नाही.