गणपतीत शिफ्ट कोण चालवणार?

कळव्याहून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाली. ऐरोलीतल्या एका ग्राहकसेवा केंद्रातून वर्कफोर्स प्लॅनिंग एक्झिक्युटिव्हची ऑफर आली आहे. मी वागळे इस्टेटमध्ये २५ वर्षं शिफ्ट सुपरवायझर होतो. मला तर हे टाइमकीपरचंच काम वाटतं. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं माझं मत. सोमवारी उत्तर कळवायचं आहे.’

नमस्कार,

काल कोण आलं होतं, ते टाइमकीपर लिहून ठेवतो. पुढे किती माणसं लागतील, कोणतं काम येणारी लागतील आणि ती तेव्हा हाताशी असतील का, हे तुमच्या मुलीला आधी काढायचं आहे. तुम्ही हे केलेलं आहे. गणपतीत अर्धी शिफ्ट कोकणात जाणार हे धरून रजेचे अर्ज आधीच मागवणं, अमुक मशीनवर दुसरा कोणी हात बसलेला आहे का ते बघणं, हेच ते काम. तुमचा हिशेब डोक्यात होता, तिला तो कागदावर मांडावा लागेल.

एक उदाहरण देतो. समजा, सकाळी १० ते ११ मध्ये १२० फोन येतात आणि प्रत्येकाला सरासरी ५ मिनिटं लागतात. म्हणजे ६०० मिनिटांचं काम, १० माणसं. पण फोन काही रांगेत शिस्तीने येत नाहीत, झुंडीने येतात. ८० टक्के फोन २० सेकंदांत उचलायचे तर १४ जण बसवावे लागतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्रातून हा आकडा निघतो, आणि कॉल सेंटरं आजही त्याच्यावर चालतात. आता रजा, प्रशिक्षण, चहा-जेवण यांत ३० टक्के वेळ जातो असं धरा. नवखा माणूस १४ मध्ये ३० टक्के मिळवतो आणि १८ म्हणतो. खरं तर १४ जण म्हणजे उरलेले ७० टक्के, म्हणून १४ ला ०.७ ने भागायचं असतं. उत्तर २०. तिचं संख्याशास्त्र इथे वाया जात नाही.

आणि हे २० जण एकसारखे नसतात. कर्जाच्या तक्रारी सोडवता येणारे त्यांत चारच असले, तर बाकीचे रिकामे बसून त्या चौघांपुढे रांग लागते. नुसती डोकी मोजली की खोगीरभरती होते. शिवाय माणूस आज हवा म्हणून आज मिळत नाही. नोटीस पिरियड, मग प्रशिक्षण, मग हात बसेपर्यंतचे दिवस. दिवाळीची गर्दी पावसाळ्यातच कागदावर यावी लागते. आपल्या नवी मुंबई विमानतळाचंच बघा. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून उड्डाणं सुरू झाली, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची. तिथे आत काम करायला प्रवेशपास लागतो, त्याआधी पार्श्वभूमीची पडताळणी होते. विमानं वाढल्यावर माणसं शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

तुमची शंका मात्र अगदीच खोटी नाही. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका मुलाने याच पदनामावर दोन वर्षं रजेचे अर्ज एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये चिकटवले. एक्झिक्युटिव्ह या शब्दाला काही अर्थ नसतो. म्हणून शुक्रवारीच तिला एचआरला फोन करायला सांगा. किती फोन येतील याचा अंदाज इथली टीम काढते की वरून तयार येतो? अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक दर आठवड्याला कोण तपासतं? पहिल्या वर्षात तिला त्यातलं काय करायला मिळेल? अंदाज वरून येत असेल आणि तिने फक्त रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, भरायचं असेल, तर मी तुमच्या बाजूने. रात्रपाळी किती आणि कळव्यापर्यंत कंपनीची गाडी सोडते का, हे मात्र ईमेलवर लेखी घ्या.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण फिरत्या पाळ्यांत त्यांचा अभ्यास नीट होत नाही. दोन्ही दगडांवर पाय नको. उत्तरं समाधानकारक आली तर परीक्षा वर्षभर बाजूला ठेवून तिने एक्सेल पक्कं करावं आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकावी.

तिला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. सोमवारच्या आत तेवढं विचारा.